लसूणघासाच्या फुलातली शर्यत

नागऱ्याकडे बांधीत धान, त्यामागून लाखोळी, आणि जनावरांपुढे तणस. आता कुणी विहिरीजवळ लसूणघासही लावतो. मग प्रश्न येतो: चारा भरपूर, पण बी का भरत नाही?

उत्तर फुलात आहे, मंडळी. खालच्या जुळलेल्या पाकळ्यांत केसरांची दांडी ताणून अडकलेली असते. माशीनं दाबलं की ती उसळते, माशीच्या डोक्यावर फटका बसतो! (म्हणून पाळीव माश्या शहाण्या होतात, बाजूनं सोंड घालून मध नेतात. फूल तसंच मिटलेलं राहतं.)

उसळलेल्या फुलाच्या कुक्षीवर घरचे पराग असतात, आणि माशीनं दुसऱ्या झाडावरून आणलेलेही. प्रत्येक कण नलिका काढून बीजांडाकडे धावतो. बीजांडं 10-12, कण कितीतरी. इथं परके बाजी मारतात. घरच्यांच्या नलिका पोचल्या तरी बरीच बीजांडं फळत नाहीत, फळलेल्यांतले काही गर्भ मध्येच जिरतात. कूपर आणि ब्रिंक या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1940 मध्ये हे मोजून दाखवलं. अशा शेंगेला वेढे कमी, बियाही कमी. शिवाय त्या बियांची पुढची पिढी कमजोर निघते.

लाखोळीला ही अडचण नाही. ती बहुतेक स्वतःच्याच परागांवर भागवते, म्हणून तिचं बी घरी राखणं सोपं.

लसूणघासाचं बी धरायचं तर चार-दोन झाडं राखून भागत नाही. अख्खा वाफा कापणी थांबवून एकदम फुलू द्या. फुलोऱ्यात फवारणी टाळा; अगदीच अडलं तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर.