जुन्या गाडीची खतावणी

नाशिकच्या व्यापारी कुटुंबांत जुनी गाडी बहुधा ओळखीतूनच येते. मेहुण्याने नवी घेतली, की त्याची दहा वर्षांची जुनी एखाद्या साधर्मिक बंधूकडे जाते. भाव शब्दावर ठरतो, किल्ली हाती येते आणि नावाची नोंद ‘सवडीने करू’ म्हणून राहून जाते. दुकानाच्या हिशेबात एका रुपयाचा फरक न सोडणारा गृहस्थ येथे मात्र कागद मागत नाही; मागितला तर अविश्वास दिसेल, ही भीड.

या भिडेची किंमत मोठी असू शकते. सर्वोच्च न्यायालयापुढे २०१८ साली निकालात निघालेल्या एका अपघाताच्या खटल्यात गाडी एकापाठोपाठ अनेकांच्या हाती गेलेली होती. दप्तरी नाव मात्र पहिल्याच मालकाचे होते. नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत व खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतर कळवावयाचे असते. नमुना २९ व ३० त्यासाठीच आहेत. विमाही त्याच वेळी नव्या नावावर करून घ्यावा.

व्यवहारापूर्वी आरसी बुकातील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. त्यावर कर्जाचा बोजा दिसत असेल, तर बँकेचा ना-हरकत दाखला व नमुना ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. न भरलेले ई-चलान गाडीच्या क्रमांकावरून पाहता येतात. नोंदणीस १५ वर्षे होत आली असल्यास फेरनोंदणी आणि हरित कराचा खर्च भावातून वजा धरणेच शहाणपणाचे.

गाडी पाहावी ती सकाळी, इंजिन थंड असताना. विक्रेत्याने आधीच सुरू करून ठेवली असेल, तर बॉनेटला हात लावताच कळते. सुरू होताना निळसर धूर आला, की इंजिन ऑइल जळते आहे असे समजावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. पुरात बुडालेल्या गाडीचा चिखल कितीही धुतला तरी तेथे रेघ ठेवून जातो. मीटरवर ४० हजार किलोमीटर आणि ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत, अशी जोडी दिसली तर मीटरपेक्षा रबरावर विश्वास ठेवावा. कंपनीच्या वर्कशॉपमधील सर्व्हिसच्या नोंदीही मागाव्यात.

ओळखीचा, परंतु विक्रेत्याशी संबंध नसलेला मिस्त्री सोबत न्यावा आणि शक्य झाल्यास गाडी कसारा घाट उतरवून पुन्हा चढवून आणावी. क्लच घसरतो की इंजिन तापते, ते त्या चढावरच कळते.