विश्लेषण : ४.५ आणि ६.२... किल्लारीचा भूकंप नेमका किती पट मोठा होता?

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या भूकंपाने नांदेड, परभणीतही लोकांना घराबाहेर आणले. तीव्रता ४.५. त्याच वर्षी २१ मार्चलाही तेवढाच धक्का बसला होता. जमीन हलली की मराठवाड्याला किल्लारीच आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावे कोसळली, सुमारे दहा हजार माणसे गेली. तीव्रता ६.२. मग ‘फरक जेमतेम १.७ चा, म्हणजे थोडक्यात वाचलो’ असा हिशेब सुरू होतो. हा हिशेब चुकीचा आहे.

वजाबाकी का चालत नाही?

दहावीच्या अंकगणिती श्रेढीत लगतच्या दोन पदांची वजाबाकी सारखी येते. भूकंपाच्या ऊर्जेत सारखा येतो तो भागाकार. म्हणून ही भूमिती श्रेढी. तीव्रता २ ने वाढली की ऊर्जा १००० पट होते. मग १ ने वाढली तर? ५०० पट नव्हे. ज्या संख्येचा वर्ग १००० तीच पट, म्हणजे सुमारे ३२. हे झाले गुणोत्तर.

तीव्रता ०.२ ने वाढली, तर ऊर्जा जवळपास दुप्पट होते. मोबाइलवर करून पाहण्यासारखे हे सोपे गणित आहे. ४.५ ची ऊर्जा १ माना. ४.७ ला २, ४.९ ला ४, ५.१ ला ८. नियम असा : पहिल्या पदाला गुणोत्तराने गुणत जायचे, पदाच्या क्रमांकापेक्षा एक कमी वेळा. परीक्षेत गुण जातात ते या ‘एक कमी’पायी. ६.१ हे नववे पद, म्हणजे आठ वेळा दुप्पट : २५६. ६.२ पर्यंत अर्धी पायरी उरते, तिला साधारण १.४ ने गुणायचे. उत्तर, साडेतीनशेच्या वर.

किल्लारीची तीव्रता बातम्यांत ६.४ अशीही दिसते. तो आकडा धरला, तर उत्तर थेट सातशेच्या घरात जाते!

‘छोटे धक्के बरे, जमिनीतली ताकद निघून जाते’ हा समजही इथेच गळून पडतो. एका किल्लारीइतकी ऊर्जा बाहेर पडायला ४.५ चे साडेतीनशे धक्के लागतील.

मग ४.५ ची भीती नाही?

तसे नाही. आकडा ऊर्जेचा असतो, घराचा नव्हे. किल्लारीचा भूकंप उथळ होता, दगड-मातीच्या जाड भिंतींवर माळवदाचा भार होता आणि माणसे झोपेत होती. हिंगोली-नांदेडच्या खेड्यांत वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून छतावर दगड ठेवतात. मार्च २०२४ च्या धक्क्यांनंतर प्रशासनाने पहिले आवाहन केले, ते हे दगड खाली उतरवून ठेवण्याचे.