🍇 द्राक्ष माहिती: जमिनीत पुरलेला वाइनचा रांजण

जॉर्जिया देशात आजही कित्येक शेतकरी कुटुंबं घरच्या द्राक्षांची वाइन मातीच्या मोठ्या रांजणात करतात. त्याला 'क्वेव्री' म्हणतात. रांजण तोंडापर्यंत जमिनीत पुरलेला असतो, म्हणून आतलं तापमान फारसं वर-खाली होत नाही. रस, साली, बिया एकत्र आंबवून तोंड बंद करतात. ५-६ महिन्यांनी वाइन काढतात. २०१३ मध्ये युनेस्कोने ही पद्धत वारसा यादीत घेतली.

*लक्षात घ्या:* तिथे पिकवणारा आणि वाइन करणारा एकच. आपल्याकडे परवान्याशिवाय वाइन करणं गुन्हा आहे आणि वाइनच्या जातीची द्राक्षं खाण्याच्या बाजारात चालत नाहीत. म्हणून *लागवडीआधीच* वायनरीशी लेखी करार करा. तोंडी शब्दावर बाग उभी करू नका. 🙏