लाल झेंडे सगळेच, भाव मात्र वेगवेगळा
(लेखमाला ‘धामणगावातून जग’ : भाग ९)

मागच्या भागात आपण अमेरिकेचं गणित पाहिलं. क्यूबावर १९६२ पासून व्यापारबंदी. व्हिएतनामवरची बंदी १९९४ साली उठवली. आणि चीनला तर १९७२ मध्ये निक्सन स्वतः जाऊन माओंना भेटून आले. तिन्हीकडे राज्य कम्युनिस्ट पक्षाचंच. हे वाचून अमेरिका ढोंगी आहे, असं म्हणून आपण मोकळे होतो. असेलही. पण हाच प्रश्न दिल्लीला विचारून बघू. भारतानेही कम्युनिस्ट देशांना एका मापाने कधी मोजलेलं नाही.

त्यासाठी फार लांब जायला नको. धामणगाव रेल्वेच्या फलाटावर गाडीची वाट बघत उभे असाल, तर खालच्या रुळाकडे बारकाईने पाहा. (फलाटावरूनच पाहा, खाली उतरू नका.) चाक जिथून धावतं त्या डोक्याच्या खाली, रुळाच्या उभ्या अंगावर, उठावाची अक्षरं असतात : कारखान्याचं नाव, रुळाचा प्रकार, तो बनला ते वर्ष. धुळीने बुजलेली असतात, पण असतात. भारतीय रेल्वेचे बहुतेक रूळ भिलाईत बनतात, आणि भिलाई आपल्याच मुंबई–हावडा मार्गावर, नागपूर–गोंदियाच्या पुढे आहे. हा कारखाना उभा राहिला सोव्हिएत मदतीने. १९५५ च्या फेब्रुवारीत करार झाला. कर्ज अडीच टक्के व्याजाचं, वर यंत्रं आणि इंजिनिअरही त्यांचे. सरकारी मालकीचा पोलाद कारखाना भारताला हवा होता आणि मॉस्को तो या अटींवर द्यायला तयार होतं. नेहरूंनी कम्युनिझम स्वीकारला नव्हता, त्यांनी भट्टी घेतली.

याचा पुरावा १९५९ या एकाच सालात सापडतो. फेब्रुवारीत भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद उद्घाटनाला होते, सोव्हिएत तज्ज्ञांचं कौतुक चाललं होतं. आणि ३१ जुलैला त्याच केंद्र सरकारने केरळमधलं नंबुद्रीपाद यांचं निवडून आलेलं कम्युनिस्ट सरकार बरखास्त केलं. परदेशातल्या कम्युनिस्टांशी करार आणि घरातल्या कम्युनिस्टांवर राष्ट्रपती राजवट! विचारसरणीवरून देशाचं वागणं ठरत असतं तर या दोन गोष्टी एका वर्षात बसल्याच नसत्या.

चीनची कथा याच्या नेमकी उलट गेली. सुरुवात तिथे जास्त गोड होती. ३० डिसेंबर १९४९ ला, म्हणजे माओंच्या घोषणेनंतर तीन महिन्यांत, भारताने नव्या चीनला मान्यता दिली. १९५४ मध्ये पंचशील झालं. त्याही आधी, १९३८ मध्ये, काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं होतं. त्यातले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना ठाऊक आहेत; नागपूरचे डॉ. चोळकर त्याच पथकात होते हे मात्र आपल्या विदर्भातच कुणाला सांगावं लागतं. हा सगळा जिव्हाळा १९६२ च्या ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये एका महिन्यात संपला. झेंडा तोच होता, पक्षही तोच होता. बदललं होतं ते एवढंच की तिबेट ताब्यात आल्यावर चीन आपल्या सीमेला येऊन भिडला, आणि ती सीमा दोघांना एका जागी मान्य नव्हती.

वऱ्हाडात हे समजावून सांगायला पुस्तक लागत नाही. ज्याचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, आपल्या धुऱ्याला लागून आहे, त्याच्याशीच तहसील कचेरीत तारखा पडतात. चार कोस दूरचा शेतकरी कोणत्या पक्षाचा का असेना, त्याच्याशी सोयरीकसुद्धा होऊ शकते. कौटिल्याने हेच राजांच्या मंडलाबद्दल लिहून ठेवलं आहे : लागून असलेला तो शत्रू, त्याच्या पलीकडचा तो मित्र.

पलीकडचा मित्र म्हणजे इथे सोव्हिएत संघ. चीनशी त्याचाही धुरा लागलेला होता, आणि १९६९ च्या मार्चमध्ये उसुरी नदीवर या दोन कम्युनिस्ट फौजांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या. पुढचं सरळ होतं. १९७१ च्या जुलैत निक्सन यांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप पेकिंगला गेले. महिना उलटतो न उलटतो तोच, ९ ऑगस्टला, भारत–सोव्हिएत मैत्री करारावर सह्या झाल्या. मिग-२१ विमानांचा सौदा तर १९६२ चाच. पुढे ती आपल्या नाशिकजवळच्या ओझरला तयार होऊ लागली.

यापेक्षाही बोलकं उदाहरण व्हिएतनामचं आहे, आणि मला विचाराल तर या संपूर्ण विषयाची किल्ली तिथेच आहे. १९७९ च्या फेब्रुवारीत जनता सरकारचे परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी चीनच्या दौऱ्यावर होते. बासष्टनंतर इतक्या मोठ्या पातळीवरची ती पहिली भेट. ते तिथे असतानाच १७ तारखेला चीनने व्हिएतनामवर हल्ला केला. वाजपेयी दौरा आटोपता घेऊन परतले. जनसंघात मुरलेला, आयुष्यभर कम्युनिस्टांवर टीका केलेला नेता एका कम्युनिस्ट देशावर दुसऱ्या कम्युनिस्ट देशाने केलेल्या हल्ल्याचा निषेध म्हणून घरी येतो! पुढच्या वर्षी इंदिरा गांधींनी कंबोडियातल्या व्हिएतनामच्या पाठिंब्याच्या सरकारला मान्यता दिली. तेव्हा संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची पोल पॉटच्याच राजवटीकडे राहावी म्हणून चीनबरोबर अमेरिकाही मत देत होती. लाखो माणसं मारणाऱ्या कम्युनिस्टांच्या बाजूने लोकशाहीवादी वॉशिंग्टन, आणि त्यांना हाकलणाऱ्या कम्युनिस्टांच्या बाजूने आपण. ‘कम्युनिस्ट देश’ या शब्दाने या प्रसंगाचा काहीच उलगडा होत नाही.

तो धागा अजून तुटलेला नाही. ओएनजीसी विदेश १९८८ पासून व्हिएतनामच्या समुद्रात तेल-वायूच्या कामात आहे आणि चीनचा त्या भागातल्या कामाला आक्षेप आहे. २०२३ च्या जुलैत भारताने चालू सेवेतली ‘कृपाण’ ही क्षेपणास्त्रवाहू युद्धनौका व्हिएतनामला भेट दिली. त्याच्या तीन वर्षं आधी, गलवानच्या चकमकीच्या वर्षी, चीनचं काय झालं? ५९ अ‍ॅप बंद. सीमा लागून असलेल्या देशांच्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची. सरकारी कंत्राटांतही तशीच अट. नागपूर मेट्रोचे डबे चीनच्या दालियानहून आलेले आहेत, पण ते कंत्राट ही कवाडं बंद होण्याआधीचं.

क्यूबा आपल्यासाठी सगळ्यात सोपा. ना सीमा, ना भांडण. अमेरिकेच्या बंदीविरुद्ध संयुक्त राष्ट्रांत भारत मत देतो, कॅस्ट्रो यांनी १९८३ मध्ये इंदिराजींना मारलेल्या मिठीचा फोटो अजून छापला जातो. फ्लोरिडातल्या निर्वासित क्यूबन मतदारांमुळे वॉशिंग्टनला जे जड जातं, त्याची झळ आपल्याला नाही. उत्तर कोरियाशीही आपले राजनैतिक संबंध १९७३ पासून आहेत, पण १९९९ मध्ये कांडला बंदरात त्यांचं ‘कु वोल सान’ जहाज पकडलं गेलं. त्यात क्षेपणास्त्रांचे भाग होते, आणि ते पाकिस्तानकडे निघाल्याचा भारताला संशय होता. नाराजीचं कारण किमचा साम्यवाद नव्हता, मालाचा पत्ता होता.

आता घरचं एक उदाहरण. १९८९ मध्ये अमरावतीने भाकपचे सुदाम देशमुख लोकसभेत पाठवले, आणि १९९१ मध्ये शेजारच्या वर्ध्याने माकपचे रामचंद्र घंगारे. आज आपला धामणगाव विधानसभा मतदारसंघ वर्धा लोकसभेतच मोडतो. १९६४ मध्ये पक्ष फुटला तेव्हा एक मॉस्कोचा आणि दुसरा चीनकडे कलणारा, अशी ओळख झाली होती. मतदाराने ती ओळख बघून शिक्का मारला असं कुणी म्हणणार नाही. त्याने भाव, मजुरी आणि माणूस पाहिला. दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचीही रीत याहून फार निराळी नाही.

आणि घंगारे निवडून आले त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत संघच नाहीसा झाला. मॉस्कोतला लाल झेंडा उतरला. मग आपली मैत्रीही उतरली का? १९८८ मध्ये राजीव गांधी आणि गोर्बाचेव्ह यांनी कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाचा करार केला होता. तो रशियाने पुढे चालवला आणि २०१३ मध्ये पहिल्या संचाची वीज जाळ्यात आली. रणगाडे, विमानं, सुटे भाग तिथूनच येत राहिले. साम्यवाद गेला तरी भावात फरक पडला नाही, कारण भाव साम्यवादाला दिलेलाच नव्हता.

राहिला प्रश्न चीनला पूर्ण वाळीत का टाकत नाही याचा. याचं उत्तर आपल्या बाजार समितीत आहे. २०११ नंतर चीन सरकार आपल्या शेतकऱ्यांचा कापूस चढ्या भावाने गोदामांत साठवत होतं, म्हणून तिथल्या गिरण्यांना बाहेरची रुई स्वस्त पडे. आपल्याकडच्या जिनिंगमधून निघालेल्या १७० किलोच्या गाठींना त्यामुळे मोठं गिऱ्हाईक मिळालं. ५ मार्च २०१२ ला केंद्राने निर्यात अचानक बंद केली तेव्हा कृषिमंत्री शरद पवारच आपल्याला विचारलं नाही म्हणून चिडले, आणि आठवडाभरात ती बंदी मागे घ्यावी लागली. बासष्टचा शत्रू कापूस घेतो म्हणून कुणा शेतकऱ्याने पऱ्हाटी उपटली नाही. पुढे २०१४ मध्ये चीनने ते धोरणच गुंडाळलं, मागणी आटली, भाव पडले आणि भारतीय कापूस महामंडळाला (सीसीआय) जोरात खरेदीत उतरावं लागलं. बीजिंगमधल्या एका निर्णयाचा हिशेब धामणगावच्या काट्यावर होतो तो असा.

उलट दिशेनेही तेच. चीनने फॉस्फेट खतांच्या निर्यातीला २०२१ पासून आळा घातला, आणि डीएपीसाठी कृषी केंद्रापुढे रांगा लागल्या की त्या रांगेत चीनचाही हात असतो. फवारणीच्या औषधांचा कच्चा माल, पंपाचे सुटे भाग, खिशातल्या मोबाइलची पोटातली सामग्री, सगळं तिथून. क्यूबाला वाळीत टाकायला अमेरिकेला फारसं काही मोजावं लागलं नाही. चीनला वाळीत टाकायचं तर आपल्याला पेरणीच थांबवावी लागेल. अ‍ॅप बंद करून, गुंतवणुकीवर पहारा बसवूनही २०२४-२५ मध्ये भारताने चीनकडून सुमारे ११३ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि त्याला विकला फक्त १४ अब्जांचा.