अब्बू ‘प्लांट’ला जातात, म्हणजे नेमके कुठे?

सातवीच्या वर्गात मी फळ्यावर एक सोपं इंग्रजी वाक्य लिहिलं: ‘माय फादर वर्क्स इन अ प्लांट.’ मराठीत अर्थ लिहायचा होता. एका मुलाने लिहिलं, ‘माझे वडील रोपट्यात काम करतात.’ वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही.

कारण या मुलाचे अब्बू खरोखरच कोराडीच्या वीज केंद्रात कामाला आहेत. ‘अब्बू प्लांटला गेले, नाईट आहे’ असं तो स्वतःच सांगतो. म्हणजे अर्थ त्याला माहीत होता. पण वही उघडताच त्याने स्वतःच्या माहितीपेक्षा पाठ केलेल्या यादीवर जास्त भरवसा ठेवला: प्लांट म्हणजे रोपटं. बस्स!

मग झाड आणि कारखाना, दोघांना एकच शब्द कसा? हा शब्द लॅटिन भाषेतून आला. तिथे ‘प्लांता’ म्हणजे पायाचा तळवा, आणि लावायची कोवळी फांदी म्हणजेही ‘प्लांता’. रोप मातीत घालून पायाने दाबायचं, त्यावरून हे दोन अर्थ जोडले गेले असावेत, असं भाषेचे अभ्यासक मानतात.

आपल्या विदर्भाच्या माणसाला हे लगेच पटेल. मौदा, रामटेक, भंडाऱ्याकडे पावसाळ्यात धानाची रोवणी चालते. पऱ्हे चिखलात रोवतात. आणि मराठीत माणूस पायसुद्धा रोवतो! उर्दूतही आपण ‘क़दम जमाना’ म्हणतोच. पाय, माती आणि पक्कं उभं राहणं यांचं नातं आपल्या भाषांनाही माहीत आहे.

पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये कारखाने वाढू लागले. एका जागी पक्की बसवलेली यंत्रं आणि त्यांच्या इमारती, यांनाही ‘प्लांट’ म्हणू लागले. कोराडीत 1974 मध्ये विजेचा पहिला संच सुरू झाला. आज तिथे प्रत्येकी 660 मेगावॉटचे तीन मोठे संच आहेत. एवढी यंत्रं जमिनीत रोवून उभी आहेत, म्हणून तो ‘प्लांट’.

हाच शब्द दवाखान्यातही भेटतो. टाच दुखते तेव्हा डॉक्टर कागदावर ‘प्लांटर’ लिहितात, तिथे तळव्याचा जुना अर्थ अजून जिवंत आहे. किडनी ‘ट्रान्सप्लांट’ करतात, म्हणजे एकाच्या शरीरातून काढून दुसऱ्याच्या शरीरात लावतात. कोणाच्या घरात खोटा पुरावा नेऊन ठेवला, तरी इंग्रजीत तो ‘प्लांट’ केला म्हणतात. मराठीतही अफवा ‘पेरतात’. मोबाईलवर आलेला मेसेज पुढे पाठवण्याआधी तो कोणी पेरलेला तर नाही, हे बघायला हा अर्थ लक्षात ठेवा.

आता अम्मी म्हणतील, ‘आम्हाला इंग्रजी येत नाही, मुलांना काय सांगणार?’ तर घरातला एक छोटा शब्द घ्या. मराठीत ‘कळ’ दाबली की दिवा लागतो, पोटातही ‘कळ’ येते, आणि कोणी भांडणाची ‘कळ’ काढतो. उर्दूत ‘कल’ म्हणजे गेलेला दिवस आणि येणारा दिवससुद्धा. ‘कल आना’ आणि ‘कल आया था’ यात आपलं चार वर्षांचं लेकरूही चुकत नाही. ते आजूबाजूच्या शब्दांवरून अर्थ ओळखतं. इंग्रजीतही हेच करायचं असतं. दोन भाषा बोलणाऱ्या घरातल्या मुलाला तर याची सवय लहानपणापासून असते.

म्हणून मुलाने शब्दाचा अर्थ विचारला, तर आधी एवढंच म्हणा, ‘बेटा, पूर्ण वाक्य वाच.’ कोण बोलतंय, कशाबद्दल बोलतंय, हे त्याला सांगू द्या. अर्थाचा अंदाज त्याला करू द्या. शब्दकोश, म्हणजे आपली लुग़त, त्यानंतर उघडा, आणि पहिल्याच अर्थावर थांबू नका. यादी पाठ करून पेपरापुरतं भागेल, भाषा येणार नाही.

त्या मुलाला मी जवळ बोलावून विचारलं, ‘तुझे अब्बू रोज कुठे जातात?’ तो म्हणाला, ‘प्लांटला.’ आणि लगेच कपाळावर हात मारून घेतला. उत्तर त्याने स्वतःच खोडून दुरुस्त केलं. मला एक अक्षरही सांगावं लागलं नाही.