सर्पपेटीतील उष्णता आणि तिचे नियंत्रण

सर्प हा शीतरक्ताचा प्राणी आहे, या पाठ्यपुस्तकी विधानामुळे त्याला उबेची फारशी गरज नसावी असा ग्रह होतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. 1944 मध्ये काउल्स व बोगर्ट या अमेरिकी संशोधकांनी वाळवंटी सरीसृपांवरील अभ्यासातून असे दाखविले की, हे प्राणी ऊन आणि सावली यांमध्ये ये-जा करून आपले शारीरिक तापमान बरेच मर्यादित कक्षेत राखतात. सर्प स्वतः उष्णता फारशी निर्माण करीत नाही, तो ती निवडतो. अंडी उबविणारी अजगरमादी स्नायूंच्या आकुंचनाने ऊब निर्माण करते, हा अपवाद मनोरंजक असला तरी अपवादच होय. म्हणून पेटीत सर्वत्र एकच तापमान ठेवणे हे सोयीचे असले तरी शास्त्रीय नव्हे. तेथे तापमानाचा उतार हवा.

उदाहरणादाखल पश्चिम आफ्रिकेतील बॉल पायथन घेऊ. अमेरिकेत व ब्रिटनमध्ये हा लहान अजगर घरोघरी पाळला जातो. (आपल्याकडील सर्प पाळण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचा प्रतिबंध आहे, हे येथे नमूद केलेले बरे.) याच्या पेटीची एक बाजू सुमारे 31 ते 32 अंश सेल्सिअस आणि दुसरी 25 ते 26 अंश ठेवतात. लपण्याची जागा मात्र दोन्ही बाजूंस असावी. अन्यथा भित्रा सर्प ऊब सोडून आडोसा निवडतो आणि गिळलेले भक्ष्य थंडीमुळे न पचता ओकून टाकतो.

आता तापकाकडे वळू. पेटीच्या तळाखाली ठेवावयाची चपटी चटई हे सर्वांत प्रचलित साधन. ती तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच असावी. या चटईला स्वतःचे असे ठरावीक तापमान नसते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ती दर सेकंदास ठरावीक ऊर्जा देते, आणि बाहेर जाणारी उष्णता आत येणाऱ्या ऊर्जेइतकी होईपर्यंत तापत राहते. उघड्या काचेखाली निरुपद्रवी असणारी तीच चटई, वर भुशाचा जाड थर पडला किंवा सर्पच वेटोळे घालून बसला की, उष्णतेची वाट अडल्यामुळे कितीतरी अधिक तापते. अशा वेळी पेटीतील हवेचे तापमान जवळपास पूर्वीइतकेच दिसते. भिंतीवर टांगलेला तापमापक येथे दिशाभूल करतो तो यामुळेच.

सर्प तेथून उठून का जात नाही, असा प्रश्न साहजिक आहे. थंड खोलीत तीच एक उबदार जागा असेल तर तो तिला चिकटून राहतो, आणि भाजणे हे केवळ तापमानावर नव्हे, तर काळावरही अवलंबून असते. मॉरिट्झ व हेन्रिक्स यांनी 1947 मध्ये मानव व डुक्कर यांच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगांत 44 अंशांवर इजा होण्यास सुमारे सहा तास लागले. हे आकडे सर्पास जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तथापि रात्रभर एका जागी पडून राहणाऱ्या प्राण्याच्या पोटाखाली काय घडू शकते, हे त्यांवरून उमगते.

तेव्हा थर्मोस्टॅटवाचून चटई लावूच नये. त्याचा संवेदक हवेत लोंबकळत न ठेवता, सर्पाचे पोट जेथे टेकते त्या सर्वांत उष्ण पृष्ठभागाशी पक्का बसवावा. संवेदक जागेवरून निसटला तर थर्मोस्टॅटला पेटी थंड भासते आणि तापक अखंड चालू राहतो. म्हणजे रक्षणाचे साधनच अपघाताचे कारण ठरते. म्हणून दुसरा स्वतंत्र तापमापक हवा. शिवाय थर्मोस्टॅट बिघडून तापक सतत चालला, तरीही पृष्ठभाग 35 अंशांपलीकडे फारसा जाणार नाही, इतक्याच शक्तीचा तापक निवडणे हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय होय.

आत ठेवावयाचे विजेवर तापणारे कृत्रिम दगड सरळ टाळावेत. दिवे वापरल्यास त्यांभोवती जाळी असावी. सर्प आणण्यापूर्वी पेटी दोन दिवस रिकामीच चालवून, भुशाखालील काचेचे तापमान पहाटे व दुपारी मोजावे, आणि ऋतू पालटताच ते मोजमाप पुन्हा घ्यावे.