तारपा, बोहाडा आणि एका ओळीची कमांड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोखाडा तालुक्यातलं पोशेरा असो की जव्हारकडचा एखादा पाडा, तारप्यावर नाच सुरू झाला की आता चार-दोन मोबाइल वर होतातच. रात्रभर चालणारा सोंगांचा बोहाडा, धवलेरींची लग्नगीतं, जुन्या माणसांच्या गोष्टी असं बरंच काही रेकॉर्ड होतं. गाडं अडतं ते पुढे. फाइल मोठी, मेमरी भरलेली आणि नेटवर्क बेभरवशाचं. अशा वेळी व्हिडिओ आणि आवाजाच्या फाइली कापणारी, लहान करणारी, टाइप केलेल्या कमांडवर चालणारी साधनं फार उपयोगी पडतात. एफएफएमपेग हे त्यातलं सर्वांत नावाजलेलं. त्याबद्दलचे गैरसमज मात्र अनेकांना त्याच्यापासून दूर ठेवतात.

गैरसमज : हे इंजिनिअर लोकांचं काम आहे.
वस्तुस्थिती : काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची असते. आधी साधनाचं नाव, मग मूळ फाइल, त्यानंतर काय करायचं ते आणि शेवटी नव्या फाइलचं नाव. रोजच्या कामाला लागणारे पर्याय मोजकेच असतात. फाइलचं नाव मराठीत असलं तरी चालतं. नावात मोकळी जागा असेल, तर ते अवतरणचिन्हांत घालायचं.

गैरसमज : महागडा संगणक आणि सतत इंटरनेट हवं.
वस्तुस्थिती : फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी 2000 साली सुरू केलेलं एफएफएमपेग मोफत आणि मुक्त आहे. एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. जुन्या लॅपटॉपवर वेळ जास्त लागतो, पण काम होतं. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स या अॅपमधूनही ते चालतं. व्हीएलसी प्लेअर याच प्रकल्पाची लायब्ररी वापरतो, आणि 2021 मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स यानातही कॅमेऱ्यांच्या चित्रणासाठी एफएफएमपेग होतं.

गैरसमज : व्हिडिओ कापला की दर्जा घसरतोच.
वस्तुस्थिती : दर्जा घसरतो तो चित्र आणि आवाज पुन्हा नव्याने दाबून बसवल्यामुळे. 'कॉपी' हा पर्याय दिला, तर आतला मजकूर जसाच्या तसा उचलला जातो आणि तासाभराच्या चित्रणातला हवा तो भाग थोडक्या वेळात वेगळा होतो. काप मात्र थोडा मागेपुढे पडू शकतो, कारण दाबलेल्या व्हिडिओत पूर्ण चित्रं ठरावीक अंतरानेच साठवलेली असतात. म्हणून दोन्हीकडे काही सेकंद जास्त घ्यावेत.

गैरसमज : एमपी3 फाइलचं वेव्ह केलं की आवाज सुधारतो.
वस्तुस्थिती : एमपी3 करताना जे गळालं ते परत येत नाही. सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलला मिनिटाला साधारण 10 एमबी जागा लागते, म्हणजे फाइल फुगते, आवाज तेवढाच राहतो. नावाचं शेपूट बदलल्यानेही फाइलचा आतला प्रकार बदलत नाही.

गैरसमज : मागचा गोंगाट काढला की रेकॉर्डिंग उत्तमच होणार.
वस्तुस्थिती : इथे सर्वांत जास्त जपायला हवं. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडपानांचा कर्णा यांतून घडलेला तारपा श्वास न तोडता वाजवतात. त्याचा एक सूर सलग घुमत राहतो. गोंगाट काढणारी बरीचशी फिल्टरं मात्र सलग, न बदलणाऱ्या आवाजालाच गोंगाट समजतात. पंख्याची घरघर काढायला गेलात, तर तारप्याचा तो घुमणारा सूरही पातळ होऊ शकतो. जव्हार तालुक्यातले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 साली पद्मश्री जाहीर झाली. ज्या वाद्याचा असा सन्मान होतो, त्याच्या नादाचा गाभाच फिल्टरने खाल्ला तर ते रेकॉर्डिंग काय कामाचं? फिल्टर आधी अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावर लावा, मूळ आणि नवं असं दोन्ही हेडफोनवर ऐका, मगच पुढे जा. रेकॉर्ड करताना फोन वादकाजवळ धरणं हा त्याहूनही चांगला उपाय.

गैरसमज : स्क्रिप्ट चालवली की मूळ फाइल जाते.
वस्तुस्थिती : स्क्रिप्ट म्हणजे फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलला तीच कमांड देणाऱ्या चार-पाच ओळी. बोहाड्याच्या शंभर फाइली रात्रीतून लहान करायला तिच्यासारखं साधन नाही. एफएफएमपेग मूळ फाइलमध्येच बदल करत नाही, नवी फाइल लिहितं. त्या नावाची फाइल आधीच असेल, तर विचारतं. मात्र 'वाय' हा पर्याय दिला, तर न विचारता पुसून लिहितं. स्क्रिप्टमध्ये तो घालताना दहादा विचार करावा आणि नव्या फाइलींसाठी फोल्डर वेगळा ठेवावा.

एक सवय आजच लावून घ्या. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला तर तो दाबला जातो, म्हणून मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा. मूळ शाबूत असेल, तर उद्याचं अधिक चांगलं साधनही त्यावर चालवता येईल. आपल्या भागातली ही गाणी आणि सोंगं टिकवायला बाहेरून कोणी येण्याची वाट पाहायची गरज नाही. हे काम गावातली शिकलेली पोरं-पोरी स्वतः करू शकतात.